व्हॅलेन्सियातले तीन तास

अरुणाचं ऑफिस हार्बरफ्रंटला, फेरी टर्मिनलच्या वरच्या मजल्यावर होतं. तीन टेबलं, एक कुरकुरणारा एसी, आणि खिडकीतून दिसणाऱ्या बाटामला जाणाऱ्या बोटी. सात वर्षं ती तिथे बसून शनिवार-रविवारच्या सहली विकत होती. बाटाम, बिन्तान ही जवळची बेटं, फार झालं तर मलाक्का. त्यामुळे २०१७ सालच्या मार्चमध्ये शहरातल्या बेडोक वस्तीतल्या मराठी ज्येष्ठांनी तिला गाठून ‘आम्हाला स्पेनला पाठव’ असं सांगितलं, तेव्हा तिला आधी वाटलं की ही मंडळी आपली फिरकी घेताहेत.

पण नाही. नऊजण होते. कुणी मुलांच्या मागून येऊन इथे राहिलेले, कुणी जन्मभर इथल्याच बंदरातून बोटीवर जाऊन आता निवृत्त झालेले. दर गुरुवारी सकाळी बेडोकच्या हॉकर सेंटरात, खाण्याच्या टपऱ्यांच्या छपराखाली, दोन टेबलं जोडून ते कॉफी प्यायचे. त्यांत अरुणाच्या सासूबाईही होत्या. रत्नाबाई, वय एकोणसत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. घरी त्यांनी या बेताचा एका शब्दानेही पत्ता लागू दिला नव्हता.

“तुम्ही पण जाणार, आई?” अरुणाने विचारलं.

“सगळे जाताहेत म्हणून आपलं नाव दिलं,” रत्नाबाई म्हणाल्या. “तुम्हाला अडचण असेल तर राहीन.”

त्यांचं बोलणं नेहमी असंच असायचं. भाजी कुठली करू, तर कुठलीही. टीव्हीवर काय लावू, तर तुम्ही बघता ते. बारा वर्षं एका घरात राहून त्यांना मनापासून काय आवडतं, हे अरुणाला सांगता आलं नसतं.

ऑफिसच्या मालकीणबाई, मिस लिम, या बेताने सुरुवातीला खूश झाल्या आणि लगेच घाबरल्या. “हे जमलं तर आपण युरोप करू,” त्या म्हणाल्या. “नाही जमलं तर मी मरेपर्यंत बाटाम.”

बार्सिलोनातल्या मार्ता नावाच्या एका एजंटबाईने दहा दिवसांचा कार्यक्रम पाठवला. बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, ग्रानाडा, सेव्हिल, माद्रिद. चर्च, राजवाडे, बागा, सगळं रीतसर. मात्र पाच ठिकाणी तिने नुसतं ‘मोकळा वेळ’ असं लिहून सोडून दिलं होतं. कुठे तीन तास, कुठे आख्खी दुपार. मिस लिमनी त्या पाचही ठिकाणी लाल पेनाने गोल केले.

“म्हातारी माणसं मोकळ्या वेळातच हरवतात,” त्या म्हणाल्या. “नाहीतर कंटाळतात आणि घरी जाऊन तक्रार करतात. भरून टाक.”

अरुणाने भरून टाकलं. तीन दिवस ती झपाटल्यासारखी कामाला लागली होती. चॉकलेटचं संग्रहालय, पंखे बनवणाऱ्याचं दुकान, बसमधून शहरदर्शन, नाचाचा अर्ध्या तासाचा वर्ग, खुर्चीत बसून करता येईल असा. मिनिटांचा हिशोब लावून तिने रंगीत तक्ता केला, तो छापला, आणि गुरुवारी सकाळी बेडोकला जाऊन कॉफीच्या कपांमधून जागा करत प्रत्येकासमोर एकेक ठेवला.

मंडळींनी चष्मे लावले. हेमचंद्र नावाचे विधुर गृहस्थ, सत्त्याहत्तर वर्षांचे आणि गटात सर्वांत वडील, ते तक्ता उलटा धरून पाहत होते. शेवटी विश्वासकाकांनी कागद टेबलावर ठेवला.

“छान केलंयस, अरुणा,” ते म्हणाले. “पण यात मोकळा वेळ कुठे आहे?”

“हा काय, काका. हिरव्या रंगातला.”

“हिरव्या रंगात साडेदहा ते अकरा पंखे, अकरा दहा ते बारा चॉकलेट असं लिहिलंय.”

विश्वासकाका बोटीवर चीफ इंजिनिअर होते. पस्तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, आवाज अजून इंजिनावर मात करायच्या पट्टीत. त्या दिवशी मात्र ते हळू बोलले.

“मी अकरा वेळा व्हॅलेन्सियाला गेलोय. सांगू काय पाहिलं? धक्का. क्रेन. आणि एजंटची व्हॅन. चार तास सुट्टी मिळायची. व्हॅन गेटवर यायची, मॉलमध्ये सोडायची, पाच वाजता उचलायची. कुठे जायचं ते दुसऱ्याने ठरवलेलं. गेटमधून बाहेर पडलं की समोर एक सरळ रस्ता जायचा, झाडांचा. दर वेळी वाटायचं, या रस्त्याने चालत सुटावं, बघू कुठे निघतो. अकरा वेळा वाटलं. आता पैसे भरून जातोय तर पुन्हा व्हॅनमध्येच बसू?”

“तुम्ही सुटाल हो चालत,” त्यांच्या पत्नी संजीवनीकाकू म्हणाल्या. “मी काय करू? हॉटेलच्या खोलीत छताकडे बघत बसू? भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही. मला तक्ता आवडला. कुठे जायचं ते कळतं तरी.”

यावर एकदम सगळेच बोलायला लागले. निम्मे काकांच्या बाजूने, निम्मे काकूंच्या. पाय दुखले तर, बाथरूम कुठे शोधायची, पाकीट मारलं तर. हेमचंद्र म्हणाले, त्यांना दोन्ही चालेल, फक्त पळवू नका. रत्नाबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, “बहुमत होईल ते.”

अरुणाला त्या गलक्यात एक कल्पना सुचली. तिने टेबलावर हात आपटला. “आपण आधी इथेच करून बघू. येत्या रविवारी पुलाउ उबीन बेटावर जाऊ. दोन तास खरोखरचा मोकळा वेळ. मी काही ठरवणार नाही, काही सुचवणार नाही. ज्याला जे करायचं ते त्याने करायचं आणि बरोबर बारा वाजता जेट्टीवर परत यायचं. मग ठरवू.”

ही कल्पना सगळ्यांना इतकी आवडली की कॉफीची दुसरी फेरी झाली.

रविवारी सकाळी चांगीच्या धक्क्यावर सगळे वेळेच्या आधी हजर. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, चकल्यांचे डबे. बारा माणसं झाल्याशिवाय लाकडी बमबोट सुटत नाही आणि हे झाले दहा, म्हणून गळ घेऊन आलेलं एक जोडपं मिळेपर्यंत थांबावं लागलं. बोट निघाली, डिझेलचा वास आला, पाणी अंगावर उडालं, तशी मंडळी शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी बोलू लागली. पंधरा मिनिटांत बेट आलं. उतरल्याबरोबर सगळ्यांच्या फोनवर ‘मलेशियात स्वागत आहे’ असा निरोप झळकला. समोरच्या किनाऱ्यावरचं नेटवर्क इथे पकडतं. हेमचंद्रांनी तो निरोप दोनदा वाचला आणि आपण चुकीच्या बोटीत तर बसलो नाही ना, असं विचारलं.

“दहा वाजले,” अरुणा म्हणाली. “सुरू. बारा वाजता इथेच.”

आणि कुणीच हललं नाही.

नऊ माणसं जेट्टीच्या टोकाला एकमेकांकडे बघत उभी राहिली. “तुम्ही कुठे जाताय?” “बघू, तुम्ही?” अशी दहा मिनिटं गेली. मग कुणीतरी शहाळं पिऊ म्हणालं, तर सगळेच शहाळ्याच्या टपरीकडे निघाले. तिथून एकजण सावलीतल्या बाकाकडे गेला तर उरलेले त्याच्यामागे. चकल्यांचे डबे उघडले. विषय निघाला तो बेडोकच्या बाजारात पापलेट कसं महागलं याचा. अरुणा जरा लांब उभी राहून हे बघत होती आणि तिचा उत्साह मावळत होता. मिस लिम म्हणत होत्या तेच खरं. यांना मोकळा वेळ नकोच आहे.

एकटे विश्वासकाका तेवढे शहाळं संपवून, पाठीमागे हात बांधून, डांबरी रस्त्याने झाडीत दिसेनासे झाले होते.

साडेअकरा झाले. पावणेबारा. बारा. काका आले नाहीत. सव्वाबारा वाजले तसा संजीवनीकाकूंचा चेहरा उतरला. अरुणाने काकांना फोन लावला तर तो वाजला काकूंच्याच पर्समध्ये.

“त्यांचा फोन माझ्याकडेच असतो,” काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या. “ते कुठेही ठेवून येतात म्हणून मीच सांभाळते. आता काय करू गं? ऊन केवढं आहे. बीपीची गोळी सकाळची घेतली आहे, पण दुपारची माझ्याकडे. त्यात इथे रानडुकरं आहेत म्हणे.”

अरुणाने आजूबाजूला पाहिलं. बेट मोठं नाही, पण रस्त्यांना फाटे आहेत. ती पोलिस चौकीकडे वळणार इतक्यात मागून घंटी वाजली. सायकलची. भाड्याच्या सायकलींच्या दुकानासमोर रत्नाबाई निळ्या सायकलवर एक पाय जमिनीला टेकवून बसल्या होत्या. ओढणी कमरेला खोचलेली, डोक्यावर दुकानदाराचं हेल्मेट.

“तू दुसरी घे,” त्या म्हणाल्या. “चालत शोधायला दुपार होईल.”

“आई, तुमचे गुडघे.”

“चालताना दुखतात. पेडल मारताना नाही. चल.”

अरुणाने पुण्यात कॉलेजला असताना सोडलेली सायकल त्या दिवशी पुन्हा हातात घेतली. पहिल्या चढालाच तिला धाप लागली. पुढे रत्नाबाई पाठ ताठ ठेवून, एका लयीत, फणसाच्या आणि रबराच्या झाडांखालून चालल्या होत्या. वळण आलं की घंटी वाजवत होत्या. अरुणा त्यांना गाठायचा प्रयत्न करत होती आणि गाठू शकत नव्हती.

“आई, हे तुम्ही कधी शिकलात?” तिने मागून ओरडून विचारलं.

“वाईला आरोग्यसेविका होते ना मी. आठ गावं होती माझ्याकडे. लसीचा डबा कॅरिअरला बांधून अठरा वर्षं हिंडले.” त्यांनी वळूनही पाहिलं नाही. “बदली ऑफिसात झाली आणि सायकल विकली. त्या दिवशी जेवले नव्हते.”

अरुणाला हे ठाऊक होतं, म्हणजे आई नोकरी करायच्या एवढं ठाऊक होतं. डबा, आठ गावं आणि न जेवणं ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या फाट्यावर रत्नाबाईंनी ब्रेक दाबला आणि कान टवकारले. डावीकडच्या झाडीतून एका इंजिनाचा आवाज येत होता. धडधडत होतं, अडखळत होतं, पुन्हा धडधडत होतं. “तिकडे असणार,” त्या म्हणाल्या.

होते तिथेच. खांबांवर उभ्या असलेल्या एका जुन्या लाकडी घराच्या मागे, पत्र्याच्या आडोशाखाली विश्वासकाका उकिडवे बसले होते. समोर डिझेलचा जनरेटर उघडून पडला होता. शेजारी एक मलय म्हातारबुवा हातात पाना घेऊन उभे होते. काकांचे हात कोपरापर्यंत काळे, पांढऱ्या शर्टावर तेलाचा भला मोठा डाग आणि चेहऱ्यावर असा आनंद की अरुणाला रागवायचंही सुचेना.

“ये, ये,” ते म्हणाले. “लांबूनच आवाज ऐकला. म्हटलं, इंजेक्टर चोंदलाय. यांचा मुलगा शहरातून पुढच्या आठवड्यात मेकॅनिक आणणार होता. तोवर यांचा फ्रीज बंद. आता ऐक.”

त्यांनी दांडा फिरवला. इंजिन एकदा शिंकलं आणि मग एकसारखं, गुळगुळीत चालू लागलं. घरात कुठेतरी पंखा फिरायला लागला. म्हातारबुवांनी पाना खाली ठेवून दोन्ही हातांनी काकांचा काळा हात धरला.

“किती वाजले?” काकांनी विचारलं.

“पाऊण वाजतोय,” रत्नाबाई म्हणाल्या. “संजीवनी तिकडे अर्धी झाली आहे.”

काकांचा चेहरा पडला. सायकलवर मागे बसून जायला ते तयार झाले नाहीत. रत्नाबाईंची सायकल त्यांनी हातात धरली तर त्या ती सोडेनात. शेवटी अरुणाने आपली दिली आणि आपण चालत निघाली.

परतीच्या बोटीत संजीवनीकाकू नवऱ्याशेजारी बसल्या खऱ्या, पण तोंड समुद्राकडे करून. काका दोनदा काहीतरी बोलायला गेले. निम्मं अंतर गेल्यावर काकूंनी पर्स उघडली, त्यांचा फोन काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.

“हा आजपासून तुमचा तुम्ही सांभाळायचा,” त्या म्हणाल्या. “आणि अरुणा, मला पण हवेत दोन तास. यांच्याशिवाय.”

मग हेमचंद्र खाकरले. “खरं सांगू? मला मघाशी जेट्टीजवळच्या चिनी देवळापाशी जाऊन बसायचं होतं. नुसतं. पण सगळे बाकावर बसले, म्हणून मीही बसलो.” दुसऱ्या एकीला किनाऱ्यावर पाय बुडवायचे होते. तिसऱ्याला तिथली कोळंबी खायची होती, पण बायकोचा उपास होता. बघता बघता काका सोडून आठही माणसं, जी दोन तास पापलेटच्या भावावर बोलत होती, ती आपल्याला काय काय करायचं होतं हे एकमेकांना सांगायला लागली. धक्का आला तरी उठेनात. बोटवाल्याने दोनदा हाक मारली.

आपण सगळ्यांसमोर, एका टेबलावर, ‘तुम्हाला काय आवडेल’ असं विचारत होतो, तिथेच चुकलं, हे अरुणाच्या लक्षात आलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिने प्रत्येकाला वेगळं गाठलं. नवरा-बायकोलाही वेगवेगळं. कुणाला बाजारात, कुणाला पॉलिक्लिनिकच्या रांगेत, कुणाला नातवाच्या शाळेच्या फाटकाशी. तिने फक्त एक प्रश्न विचारायचा आणि मग गप्प राहायचं, असं ठरवलं होतं. बऱ्याचजणांनी सुरुवात ‘काही नाही गं’ अशीच केली. पण ती थांबली की काहीतरी निघायचंच.

संजीवनीकाकू तिला हॉकर सेंटरच्या मागच्या टेबलाशी घेऊन गेल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी आपली वेणी पुढे घेतली. कमरेखाली जाणारी, जाड, पिकलेली वेणी.

“ही कापायची आहे,” त्या म्हणाल्या. “अगदी आखूड. मान दिसेल इतकी.”

“मग इथेच कापा की, काकू. स्पेनला कशाला?”

“इथे? सकाळी कापले तर दुपारपर्यंत सगळा ब्लॉक विचारेल. सून म्हणेल काय झालं, हे म्हणतील कशाला. चाळीस वर्षं हे कौतुकाने सांगताहेत, आमच्या हिचे केस बघा. केस धुवायला मला दीड तास लागतो, ते कुणी सांगत नाही.” त्यांनी कॉफीचा घोट घेतला. “तिकडे मला कुणी ओळखत नाही. परत येईपर्यंत माझी मला सवय होईल. एवढंच. तू कुणाला बोलू नकोस.”

रत्नाबाईंना अरुणाने घरीच विचारलं. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या.

“तिथे सायकली मिळतात का गं?” त्या म्हणाल्या. “सपाट रस्ता असेल तर.”

अभ्यास करत बसलेल्या नातीने, अवनीने, मान वर केली. “आजी सायकल चालवते? डोन्ट ब्लफ, ला,” ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली.

“तुझ्या आईला विचार, कोण मागे पडलं होतं,” रत्नाबाई म्हणाल्या आणि देठं कागदात गुंडाळून उठल्या.

अरुणाने तक्ता फाडला. मार्ताला रोज दुपारी चारनंतर, तिकडे सकाळ झाली की, ती फोन करू लागली. मार्ताने पहिलीच गोष्ट अशी सांगितली की तिचा उत्साह दुणावला. स्पेनमध्ये दुपारी दोन ते पाच निम्मी दुकानं बंद असतात. म्हाताऱ्या लोकांना दुपारी मोकळं सोडलं की त्यांना मिटलेली शटरं दिसणार. मग दोघींनी मोकळे तास उचलून सकाळी आणले आणि चर्च दुपारी नेली. व्हॅलेन्सियाला नदी वळवून तिच्या कोरड्या पात्रात मैलोन्‌मैल बाग केली आहे, सायकलीला एकदम सपाट, एकही मोटार नाही, असं मार्ता म्हणाली तेव्हा अरुणा खुर्चीतून उठून उभी राहिली. ठेंगण्या दांडीची सायकल सांगून ठेवली. बंदराच्या गेटपर्यंत जाणारी बस आणि तिथून शहराकडे येणारा तो झाडांचा रस्ता नकाशावर सापडला. बाजाराजवळ मार्ताच्या ओळखीच्या बाईचं केस कापायचं दुकान होतं, तिथे साडेदहाची वेळ घेतली. आणि त्या दुकानापासून चार दारं सोडून एक कॅफे, ज्याचं बाथरूम तळमजल्यावर होतं. हे शेवटचं मार्ताने स्वतः जाऊन पाहिलं.

त्या कॅफेत कुणीतरी सतत बसलेलं असावं, म्हणजे अडचण आली तर यायला एक ओळखीचा चेहरा असेल, असं अरुणाला वाटत होतं. पण तीन तास तिथे अडकून पडायला कुणाला सांगणार? तिने भीतभीत हेमचंद्रांकडे विषय काढला.

“मला तेच तर हवंय,” ते म्हणाले. “खुर्ची, कॉफी आणि येणारी-जाणारी माणसं. कुणी ‘चला चला’ म्हणायचं नाही. ते काम माझं.”

मिस लिमनी नवा कागद वाचला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “तो इंजिनिअर अर्ध्या तासात पार करता येईल अशा बेटावर हरवला. आणि तू त्याला स्पेनमध्ये सोडणार?”

“तो हरवला नव्हता,” अरुणा म्हणाली. “आपण कुठे आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं. आम्हाला नव्हतं. आता प्रत्येकाच्या गळ्यात त्याचा स्वतःचा फोन असेल, आणि कुठे जाणार ते हेमचंद्रांना सांगूनच जायचं.”

मिस लिमनी खिडकीबाहेरच्या बोटींकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी कागदाच्या खाली सही केली. “काही झालं तर मी म्हणेन, माझा विरोध होता.”

“चालेल,” अरुणा म्हणाली.

एप्रिलमध्ये मंडळी गेली, अरुणा इथेच राहिली. व्हॅलेन्सियाची सकाळ आली त्या दिवशी अरुणाचं दुपारपासून कामात लक्ष नव्हतं. तिकडचे दहा म्हणजे इकडचे चार. चार वाजता ग्रुपवर हेमचंद्रांचा निरोप आला, ‘खुर्ची मिळाली. सगळे गेले.’ त्यानंतर काहीच नाही. बार्सिलोनात दर पाच मिनिटांनी फोटो टाकणारी माणसं, आज एक अक्षर नाही. पाच वाजले, सहा वाजले. मिस लिम नेहमी साडेपाचला घरी जायच्या, त्या दिवशी टेबल आवरत बसल्या होत्या. प्रबोधचा, अरुणाच्या नवऱ्याचा, फोन आला. आई कुठे आहे, त्याने विचारलं. नदीच्या पात्रात सायकलवर, असं तिने सांगितल्यावर त्याने तिला ते पुन्हा सांगायला लावलं.

सात वाजून दहा मिनिटांनी विश्वासकाकांचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उन्हाने लाल झालेला.

“अरुणा, संजीवनी आली नाही अजून,” ते म्हणाले. “एकची वेळ होती. मी पाच मिनिटं आधीच पोचलो. गेटपासून चालत आलो बरं का, आख्खा रस्ता, तो शेवटी एका पुलापाशी निघतो. पण ते राहू दे. हिचा फोन लागतो, उचलत नाही. कधी उशीर करत नाही ती. पोलिसांत सांगायचं का?”

“काका, आधी बसा. हेमचंद्रकाका काय म्हणतात?”

“ते काय म्हणणार. ते नुसते हसताहेत. मला तर काही सुचत नाहीये.”

त्यांनी फोन तिरका धरला होता आणि अरुणाला मागची टेबलं दिसत होती. अगदी मागच्या टेबलाशी अबोली साडी नेसलेली एक बाई ताठ बसली होती. पांढरे, आखूड, मागून वर गेलेले केस. उघडी मान. तिच्यासमोर रिकामा कप होता आणि ती विश्वासकाकांच्या पाठीकडे बघत होती. अरुणाने हाताने तोंड झाकलं.

“काका,” ती म्हणाली, “जरा मागे वळून बघता?”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग अरुणाला बराच वेळ फक्त कॅफेचं छत दिसत होतं आणि आवाज ऐकू येत होते. खुर्ची सरकली. काकूच बोलल्या.

“तुम्ही दोनदा माझ्यासमोरून गेलात. पंधरा मिनिटं फोन मुका करून बसले होते, बघायला, किती वेळात ओळखता ते.”

“साडी ओळखीची वाटली,” काका म्हणाले. “म्हटलं, इथे पण मिळते वाटतं.”

हेमचंद्र मोठ्याने हसले. “मी तर तिला दारातच ओळखलं. पण तीन तासांत बघितलेली सगळ्यात मजेची गोष्ट होती, बिघडवू कशाला.”

“वाईट दिसतंय का?” काकूंनी विचारलं. आवाज तसाच खंबीर होता.

“मान दिसते तुझी,” काका म्हणाले. “चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. फिरव जरा डोकं.”

मग कपबशांचा आवाज, कुणीतरी अजून कॉफी मागवली, आणि एकेक करत बाकीचे येऊ लागले. प्रत्येकजण आल्याआल्या आधी काकूंकडे पाहून थबकायचा आणि मग आपली कथा सांगायला लागायचा. कुणी बाजारात खुणांनी केशर घेतलं होतं, एकीने एका चर्चमध्ये लग्न लागताना पाहिलं आणि लग्नघरच्यांनी तिला बदाम दिले होते. सगळे एकाच वेळी बोलत होते. त्यातून काकूंचा आवाज आला, फोन आता त्यांच्या हातात होता.

“अरुणा, ग्रानाडाला त्या तीन तासांत तू आमच्यासाठी काय ठेवलंयस?”

“तुम्ही चित्रं बघायला जाणार होतात, काकू. आणि काका वर गढीपर्यंत चालत.”

“हे म्हणताहेत, बरोबर जाऊ. मी म्हणेन तिकडे.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “मी अजून ठरवलेलं नाही, सांगते हो उद्या.”

मिस लिम दाराशी येऊन उभ्या होत्या. सगळे जिवंत आहेत का, असं त्यांनी खुणेनेच विचारलं.

“आठ,” अरुणा म्हणाली. “नववी यायची आहे.”

तिने दुसरा फोन लावला. बराच वेळ घंटा वाजत राहिली. मग वाऱ्याचा सों सों आवाज आला, आणि त्यातून रत्नाबाई, धापा टाकत नव्हे, हसत.

“मी समुद्राच्या बाजूच्या टोकाला आले आहे. इथे केवढ्या पांढऱ्या इमारती आहेत गं, माशाच्या सांगाड्यासारख्या. सगळे थांबलेत का माझ्यासाठी?”

“हो, आई. एक वाजून गेला.”

“मग त्यांना सांग, तुम्ही जेवा,” रत्नाबाई म्हणाल्या. “मला अजून अर्धा तास हवाय.”